बाबांच्या बोटांचे फोड

दादा,

बाबांना घेऊन गिटारच्या दुकानात जातेय. तू त्यांच्या वाढदिवसाला आणलेली चकचकीत गिटार बदलून आणणार आहे. तिची मला किळस आलीय, आणि खरं सांगू, तुझीही. तारा बोटांनी दाबायच्या पट्टीपासून इतक्या वर आहेत की खालून पेन्सिल सरकते. त्या दाबून दाबून बाबांच्या बोटांना फोड आले, फुटले. आणि तू पाहुण्यांसमोर खिदळलास, "या वयात कसली जमतेय!"

काल दुकानदाराला फोन केला. म्हणाला, "तुमच्या भावाने वाजवून पाहिलीच नाही. फोटोत कुठली उठून दिसेल, एवढंच विचारलं." शिकणाऱ्यासाठी मऊ नायलॉनच्या तारांची साधी गिटार तेवढ्याच पैशांत मिळते म्हणे. एवढी चौकशी तुझ्याच्याने झाली नाही?

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घे.

महिनाभर तुम्ही गप्प का बसलात, असं बाबांना विचारलं. बोटं पाठीमागे लपवत म्हणाले, "पोराने हौसेने आणलीय गं. त्याला कळू देऊ नकोस."

ते कधीच सांगणार नाहीत, म्हणूनच लिहून ठेवतेय.

छोटी