साच्यातली खोट

अहो, ऐकताय ना?

होतात तेव्हा पहिल्या हाकेला कधी ओ दिली नाहीत, म्हणून आता कागदावरून हाक मारते. काल दसरा होता. सकाळीच करीमभाई लेथवाले आदिलाबादहून तुमचा गोळ्या ओतायचा साचा घेऊन दारात उभे. दरसाल शस्त्रपूजेला लागतो म्हणून आणला बिचाऱ्यांनी. तुम्ही गेल्याचं त्यांना आपल्या ओसरीवरच कळलं. मग चहा पिताना त्यांनी जे सांगितलं, तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. तुम्हाला चार शब्द सुनावल्याशिवाय ते ठिकाणावर यायचं नाही!

काय पण तो साचा! पितळेचा, दोन फाळ्यांचा, सांडशीसारख्या दांड्यांचा. सासऱ्यांच्या, आमच्या मामाजींच्या, बंदुकीच्या नळीचं माप देऊन मुद्दाम घडवून घेतलेला. गावातले बाकीचे बंदूकवाले हाताला लागेल ते शिसं ठोकून गोल करायचे आणि डुकरांमागे धावायचे. आमच्या घरी मात्र गोळी कशी अगदी गुळगुळीत हवी.

माझी आमटीची चांगली लोखंडी पळी शिसं वितळवायला कोणी नेली? अंगणात चूल पेटवायचात, मला दार लावून आत बसवायचात. गोळी पडायची, निवायची. मग चष्मा पुसून तुम्ही ती उन्हात फिरवून बघायचात, आणि ठरलेलं वाक्य: "रेघ पडून राह्यली. साच्यात खोट हाय." झालं! पूजेपुरती एक गोळी देवघरात, बाकीच्या पुन्हा पळीत, साचा परत आदिलाबादला. आणि इकडे डुकरं ज्वारीत.

डुक्कर काय गोळी बघून पसंत-नापसंत सांगणार होतं का हो? किती कानीकपाळी ओरडले मी! पण पालथ्या घड्यावर पाणी.

निवडणूक आली की सगळ्यांच्या बंदुका बोथच्या पोलीस ठाण्यात जमा. निकाल लागला की लोक दुसऱ्याच दिवशी परत आणायचे. तुम्हाला मात्र सवडच सापडायची नाही! पारावर लोक हसायचे, भाऊची गोळी अजून पाळण्यातच आहे म्हणायचे. आणि मी वेडी तुमच्या बाजूनं भांडायची. त्या लेथवाल्याचंच काम कच्चं, म्हणून सांगायची. काल त्याच माणसानं बशी खाली ठेवून सांगितलं, "भाभी, सांचे में पहले दिन से कुछ खोट नहीं थी. भैया खुदीच बोलते थे, अभी नक्को देओ, ज्वार कटने दो."

ज्वार कटने दो! आणि ती कापायला उरायची किती, हे कोण बघत होतं?

करीमभाई गेल्यावर मला आपल्या लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. मामाजींनी शेताच्या कडेला धुऱ्यावर डुकराची एक मादी पाडली होती. ती ओढायला तुम्ही गेला होतात. दुसऱ्या दिवशी तिची पिल्लं त्याच जागी माती हुंगत फिरत होती. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. पोट बिघडलं म्हणालात, आणि मी आपली ओवा घालून पाणी उकळत बसले. तेव्हाच बोलला असतात तर काय बिघडलं असतं? लोकांपासून लपवलंत ते समजू शकते. माझ्यापासून काऊन?

यंदा तर वर्षाच्या भाकरीपुरतीच ज्वारी पेरली आहे. तीही काल धुऱ्याकडची अख्खी पट्टी डुकरांनी आडवी केली. मी ते बघून तणतणत घरी आले, तर गणपतभाऊजी ओसरीवर बसलेले. बंदूक ठाण्यातच आहे. परवाना स्वतःच्या नावावर करून घ्यायचं त्यांच्या मनात आहे, माझ्या होकाराची तेवढी वाट बघतायत. तुमचा धाकटा भाऊ, पण तुमच्यासारखा चष्मा पुसत बसणारा नव्हे. म्हणाले, "वहिनी, साचा आला म्हंते. द्या इकडं. यंदा पाडतोच एक-दोन."

साचा पाटावर होता, वर झेंडूचं फूल. मी उचलला. खरं सांगते, देणारच होते. तुमच्यावर राग, डुकरांवर राग, आणि डोळ्यांसमोर ती आडवी झालेली पट्टी. हात पुढेही केला होता.

आणि तोंडातून निघालं, "थांबा भाऊजी. साच्यात खोट हाय. करीमभाईकडं परत धाडून राह्यली."

भाऊजींनी पुढे केलेला हात मागे घेतला. म्हणाले, "तुमी बी, वहिनी?"

मी आत निघून आले आणि चुलीपुढे बसून रडले. तुमच्यासाठी रडले, ज्वारीसाठी रडले, आणि आता मलाच हे सोंग निभवावं लागणार म्हणूनही रडले. चांगलं गळ्यात बांधून गेलात!

आता ऐका. उद्यापासून धुऱ्याच्या तारेला तेलाचे रिकामे डबे बांधणार आहे. त्यातल्या एका डब्यात देवघरातली तुमची ती गोळी लोंबकळत ठेवते. वारा आला की वाजू दे रात्रभर. आयुष्यभर निरखलीत ना, आता करू दे तिला राखण. तरीही डुकरं शिरलीच, तर मी बांधावर उभी राहून त्यांनाही शिव्या देईन आणि तुम्हालाही.

साच्याचं मात्र वचन देते. मी जिती आहे तोवर तो काही दुरुस्त व्हायचा नाही.

तुमचीच,
सुमन