वडिलांची हजेरी

कवठे येमाई, रविवार संध्याकाळ

आज दूधसंस्थेची वार्षिक सभा झाली. दूध कधीच बंद पडलं. संस्था आता पाण्याचे जार विकून तगली आहे. सभासद कमी भरले तर नोंदणी रद्द होईल, म्हणून मेलेल्यांची नावं आम्ही खोडत नाही. सचिव म्हणून मीच हजेरी वाचली. वडिलांच्या नावाशी अडखळलो.

“हजर!” त्यांचे मित्र आप्पा मागून ओरडले. “म्हशीला पाणी पाजून येत्यात, म्हणलं. तू पुढं वाच!”

सगळे हसले. मीही हसलो. का हसलो?

संस्था वडिलांनीच उभी केलेली. नाव खोडलं तर तीही जाईल. त्यांच्या नावापुढे मी सही केली. हुबेहूब जमली, त्यांच्यासारखाच आधी पेन झटकून. घरी आल्यावर आठवलं, माझी स्वतःची सही राहूनच गेली.