नातेवाइकांना सूचना दिली

सोमवार, ९ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. परवा संध्याकाळी सुखरूप पोचले. खिडकीची जागा मिळाली. तू दिलेला डबा निम्म्या वाटेतच फस्त केला. इकडे सगळं ठीक. खालच्या काकूंचा गुडघा सुधारलाय, जीभ मात्र होती तशीच आहे.

साळुंकीची ठिपक्यांची अक्षरं पुढे सरकली का? परवा माझं बोट धरून तिने ‘मावशी’ वाचायला लावलं. मला एक अक्षर लागेल तर शपथ. "अगं, डोळे मिटून वाच," म्हणाली.

एवढं लिहून दोनदा उठले. चहा केला, तो तसाच गार झाला. आता सांगतेच.

शुक्रवारी तू बाजारात गेलीस तेव्हा मी तिची वेणी घालत होते. ती म्हणाली, "मावशी, आईला समजाव ना. मला वाढताना रडते. मला दिसत नाही म्हणून तिला वाटतं, कळतही नाही. तिला सांग, ती काही मुद्दाम विसरली नव्हती. मी नाही रागावले तिच्यावर."

ताई, तू काहीच विसरली नव्हतीस. तुला कुणी सांगितलंच नव्हतं.

गेल्या जूनमध्ये तू तिला पाठीच्या एमआरआयला आणलंस. मशीन मावशीच चालवते म्हटल्यावर तू निर्धास्त. तिच्या कानामागे कातडीखाली जी झडप आहे ना, डोक्यात साचणारं पाणी पोटात उतरवणारी, तिच्याबद्दल मला तुझ्याहून जास्त माहीत होतं. पाणी किती उतरू द्यायचं, तो आकडा बाहेरून चुंबकाने लावतात. आणि आमचं मशीन म्हणजे भलंमोठं चुंबकच. त्यात तो आकडा हलू शकतो. म्हणून एमआरआय झाला की मेंदूविभागात नेऊन आकडा बघायचा, हलला असेल तर परत लावायचा, मगच पेशंटला घरी सोडायचं. हा नियम माझ्या खुर्चीसमोर भिंतीवर लावलाय.

"माझ्या डोक्यात नळ आहे, पण पाणीपट्टी येत नाही," आत जाताना ती म्हणाली. आपण तिघी किती हसलो.

नंतर मी वर फोन केला. आकडा बघणारे डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, तासभर लागणार होता. बाहेर सात पेशंट खोळंबलेले. तुझी बस चारची. तू विचारलंस, "झालं ना सगळं?" मी म्हटलं, "झालं. पळ." पुढच्या आठवड्यात दाखवायला येणारच आहात, तेव्हा बघतील, असं मनाशी म्हटलं. तोवर माझ्या हाताखालून गेलेल्या एकाचाही आकडा हलला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तुझा फोन. डोकं दुखतंय, दोन उलट्या झाल्या. झडपेचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं, ताई. मी म्हणाले, "पित्त असेल." झडप म्हटलं असतं, तर ती तपासली का नाही हेही सांगावं लागलं असतं.

सहाव्या दिवशी तू तिला गुंगीतच आणलंस. आकडा पार टोकाला गेला होता. पाणी जवळजवळ उतरतच नव्हतं. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण डोळ्यांच्या नसा तोवर गेल्या होत्या.

तिला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा तू तिच्या चपला मांडीवर घेऊन बाकावर बसली होतीस. मी "पाणी आणते" म्हणून खाली गेले. फाइल काढली. ‘झडप तपासून घेण्याची सूचना नातेवाइकांना दिली’ या ओळीपुढची चौकट रिकामी होती. मी तिथे बरोबरची खूण केली. मग पाण्याची बाटली घेऊन वर आले. तू म्हणालीस, "तू आहेस म्हणून धीर आहे गं."

चौकशीत मोठ्या डॉक्टरांनी तोच कागद तुझ्यापुढे धरला. "तुम्हाला सांगितलं होतं, बाई." तू माझ्याकडे पाहिलंस. मी जमिनीकडे. तू म्हणालीस, "ती म्हणते म्हणजे सांगितलंच असेल. घाईत मीच विसरले."

नऊ महिने झाले. दाजींनी त्यावरून तुला काय काय ऐकवलं, ते मी तुमच्याच स्वयंपाकघरात बसून ऐकलं. आणि भाजी निवडत राहिले.

आज सकाळी विभागप्रमुखांना सगळं लिहून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मशीनला आता हात लावू नका." मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. पुढे व्हायचं ते होईल. अर्जाची प्रत सोबत आहे, ती आधी दाजींच्या हातात दे.

माफी मागत नाही, मला तोंड नाही. एवढंच कर. हे पत्र साळुंकीला मोठ्याने वाचून दाखव, एकही ओळ न गाळता. ती रडेल, मला नाही नाही ते बोलेल. बोलू दे. पण आई विसरली नव्हती, हे तिला तुझ्याच आवाजात ऐकू दे.

तुझी म्हणायचं की नाही, हे आता तूच ठरव,

धाकटी