नवऱ्यांना चहाला नेणे

३ जानेवारी
संकल्प. जूनमध्ये कॉलेजातून रिटायर. त्यानंतर घरी बसणाऱ्यांतला मी नाही. महिला-धोरण केंद्राचं संचालकपद भरायचं आहे. रायपुरात या विषयावर माझ्या तोडीचा अर्थतज्ज्ञ नाही. बायकांवर वीस वर्षं लिहितो आहे. चित्रा म्हणाली, एखादीले विचारलं का कधी? बायकोने अर्थशास्त्रात नाक खुपसू नये. चटणी मात्र चांगली झाली होती.

११ जानेवारी
निवड समितीला ताजा पेपर हवा. विषय: घरातल्या निर्णयांत स्त्रीचा आवाज. उरला या कारखान्यांच्या भागातल्या कामगार वस्तीत सर्व्हे. उद्या पहाटे निघणार.

१२ जानेवारी
थंडी.

१९ जानेवारी
उरला. धुळीने कार काळी झाली. पहिलं घर भैय्यालालचं. रोलिंग मिलमध्ये आहे. त्याच्या बायकोला, शेवंताला, विचारलं, घरातलं कोण ठरवतं? ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तो म्हणाला, तिले काय समजते साहेब, मले विचारा ना. मग धडाधड उत्तरं दिली. सगळं शेवंताच ठरवते म्हणे. शेवंता तेवढ्यात आत निघून गेली.
पुढच्या घरांतही तेच. बायका अडखळतात, नवरे मुद्द्याचं बोलतात. यापुढे थेट नवऱ्यांनाच विचारायचं. डेटा स्वच्छ येतो.

२ फेब्रुवारी
ज्ञानदानेही त्याच पदासाठी अर्ज केला आहे. माझीच जुनी विद्यार्थिनी. तिची पद्धत काय, तर नवरा पाळीवर जाईपर्यंत गल्लीत बसायचं आणि मग बाईशी गप्पा मारायच्या. दिवसभरात जेमतेम चार घरं होतात. याला रिसर्च नाही, भिशी म्हणतात. कीव आली.

२० फेब्रुवारी
पेपर पूर्ण. निष्कर्ष: उरल्यात घरोघरी स्त्रियाच निर्णय घेतात आणि समाधानी आहेत. चित्राला वाचून दाखवला. मध्येच म्हणाली, आपल्या घरी कोण ठरवते? म्हटलं, तूच. ते मी केव्हाच ठरवून टाकलं आहे.

६ मार्च
मुलाखत. अध्यक्ष मंदाकिनी मॅडम. त्यांनी विचारलं, शेवंताबाई स्वतः काय म्हणाल्या? सांगितलं, त्यांचं म्हणणं भैय्यालालने उत्तम मांडलं आहे. मॅडमनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. भारावल्या असाव्यात. परत येताना सूट शिवायला टाकला.

१४ मार्च
ज्ञानदा संचालक. शुद्ध राजकारण. निषेध म्हणून केंद्राच्या नावे राजीनामा लिहायला बसलो. चित्रा म्हणाली, कशाचा देऊन राहिले? तुम्ही तिथं होते कुठं?

२ जुलै
रिटायर झालो. घरी करमत नाही, असं मुळीच नाही.
ज्ञानदाचा फोन. सर, आपके बिना नहीं होगा, म्हणाली. मोठा सर्व्हे आहे. पद: फील्ड समन्वयक. काम: सर्व्हेच्या मुली आत बायकांशी बोलत असताना नवऱ्यांना चहाला नेणे. शेवटी माझ्याशिवाय अडलंच. उपकार म्हणून होकार दिला.

९ जुलै
उरला. भैय्यालालला टपरीवर बसवलं. सारखं घराकडे बघत होता. साहेब, आत एवढा वेळ काय बोलून राहिली ती, असं विचारत होता. प्रश्न सोपे आहेत म्हटलं. तो म्हणाला, माह्यासंग तर एवढं कधी बोलत नाही. चहा अर्धाच टाकून उठला. अडाणी माणूस.

२१ जुलै
सर्व्हे आमच्या चौबे कॉलोनीत आला. चिठ्ठ्या टाकून घरं निवडली, त्यात आमचंच निघालं. ज्ञानदा स्वतः आली. चित्राच्या वतीने सुरुवात करून द्यावी म्हणून सोफ्यावर बसलो. चित्रा म्हणाली, तुम्ही चहा पिऊन या. म्हटलं, घरचा आहे की. ती म्हणाली, टपरीवर. ज्ञानदाने खाली बघितलं. दार लागलं.
चहाला नेण्यासारखा नवरा एकच होता. नेला.
बऱ्याच वेळाने फोन केला. चित्रा म्हणाली, अजून पहिलाच प्रश्न चालू आहे. आवाज बसला होता. रडली असावी. का, ते विचारायचं होतं, पण तिने फोन ठेवला.
पहिला प्रश्न माझ्या पेपरातलाच आहे. घरातलं कोण ठरवतं? उत्तर एका शब्दाचं असतं.
दुसरा चहा सांगितला.