मीठ गेलं, माती मिटली

७ मार्च
ही वही घेतली त्याला तीन महिने झाले. आज पहिलं पान. मधे पेन नव्हतं, मग पेन होतं पण वही काकीच्या तांदळाच्या डब्याखाली गेली, मग आळस. खरं कारण आळसच. शाळा-कॉलेजातही असंच. एस.वाय.चा फॉर्म भरायला म्हणून निघाले आणि गोव्याला शॅकवर सहा महिने ताटं उचलून आले. नंतर आंब्याची कॅनिंग. नंतर मालवणात स्कूबावाल्याकडे पर्यटकांना लाइफ जॅकेटं बांधायची. आता इथे, काकीकडे, मसुऱ्याच्या खाडीकाठी. किती दिवस ते माहीत नाही.

परवा काकी मुंबईला गेली, लेकीच्या बाळंतपणाला. दोन महिने तरी. खाडीकडचा कुणगा, म्हणजे भाताचं खाचर, माझ्यावर सोपवून गेली. मी भातशेतीतलं काय करणार! पण दुसरं आहे कोण? काका जाऊन सात वर्षं झाली.

गेल्या श्रावणात उधाणाला खारबांध फुटला. पंधरा दिवस खाडीचं पाणी कुणग्यात. पेरलेलं कोरगूट भात सगळं कुजलं. कोरगूट खारं सोसतं म्हणतात, पण समुद्र डोक्यावर घेऊन किती दिवस उभं राहणार. आता बियाण्याची एकच मुडी उरल्येय, पेंढ्यात गच्च आवळलेली, चुलीवर धुरात टांगलेली. तेही त्याच्या आदल्या सालचं बी. पुढच्या वर्षीपर्यंत थांबलं तर उगवायचं नाही. आणि गावात बाकी सगळे दुकानाचं बी आणायला लागले त्याला जमाना झाला.

म्हणजे काय ते याच जूनमध्ये. निघताना काकी एवढंच बोलली, "कुणगो तयार ठेव गो. बाकी माझा मी बघतंय."

११ मार्च
ओरोसला गेले, मातीच्या तपासणीचा कागद आणायला. (नमुना काकीने जानेवारीतच दिला होता.) कसालला गाडी बदलायची तर तिथे एक माणूस कोंबड्यांची झुंज लावून बसलेला, त्यात तासभर गेला. लाल कोंबडा हरला. मला वाईट वाटलं.

प्रयोगशाळेतली मॅडम भली बाई. समजावून सांगत होती. तुमच्या मातीत मीठ आहे ते आहेच, पण खरी अडचण सोडियमची. तो चिकणमातीला चिकटून बसतो. आधी जिप्सम, मग... तेवढ्यात खिडकीत मांजर आलं, तोंडात पाल. मी "हो हो" म्हणत राहिले. हातावर लिहून घेतलं: जिप्सम, गोडं पाणी.

बसमध्ये घामाने निम्मं पुसलं.

१४ मार्च
जिप्समच्या गोण्या मालवणच्या खतवाल्याला सांगून तीन दिवस झाले. "येतंय, येतंय, गाडी कोल्हापुरात आहे." रोज गाडी कोल्हापुरातच.

इकडे व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्याची पाळी. थंडीत सगळे मिळून व्हाळ अडवतात, मग त्या साठलेल्या पाण्याची घरटी पाळी. पाळ्यांचं सगळं शेजारच्या बाबलीकाकांकडे. काकीची पाळी उद्या-परवा. आज अंगणात येऊन सांगून गेले, "चेडवा, पाळी चुकली तर मगे माका सांगू नको. व्हाळ आटत इलो. परत पाणी मेळाचा नाय."

मी म्हटलं, जिप्सम (इथून पुढे नुसतं जि.) अजून आलं नाही.

"अगो, मीठ कशान जाता? पाण्यान! ह्या कळूक कागद कित्याक होयो?"

पटलं. आपण खारातल्या कैऱ्या धुतो, सुकट धुतो, मीठ जातं. जि. मागाहून टाकू.

१६ मार्च
दोन दिवस कुणग्यात पाणी. चिखलात कोपरापर्यंत. ओहोटीला बांधातली झडप उघडायची, खारट पाणी खाडीत सोडायचं, झडप पाडायची, परत व्हाळाचं घ्यायचं. चार वेळा केलं. पहिलं पाणी जिभेला लावलं तर थू. चौथ्या वेळचं जवळजवळ गोडं! सकाळी कुणग्यावर मिठाची पांढरी बुरशी चढायची ना, कोणी तांदळाचं पीठ सांडल्यासारखी, ती साफ गेली.

बाबलीकाका खूष. "बघलंस? शिकान काय होता!"

काकीला फोन लावला. मीठ गेलं म्हटलं. ती मागे कोणाला तरी सांगत होती, "माझ्या चेडवान कुणगो धुतल्यान." मुलगी झाल्येय तिच्या लेकीला. तीन किलो.

इतकं कौतुक माझं कशाबद्दल कधी...

१९ मार्च
शेवटचं पाणी तसंच उभं. जिरेना.

२३ मार्च
अजून उभं. गढूळ, दुधाच्या चहासारखं. बादलीत भरून ठेवलं, तीन दिवसांत गाळ बसला नाही. मातीच पाण्यात विरघळल्यासारखी. पाय टाकला की घोट्यापर्यंत साबण. दोनदा पडले.

बाबलीकाका बांधावर उभे राहिले, काठीने पाणी ढवळून बघितलं आणि गेले.

२६ मार्च
पाणी उन्हाने आटवलं, जमिनीने प्यायलं नाही. कडेला कुदळ घातली. वर चार बोटं लोणी, आणि त्याखाली कोरडी ढेकळं. कोरडी! आठ दिवस डोक्यावर पाणी आणि खाली थेंब पोचला नाही.

ओरोसला फोन. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जिप्सम किती टाकलं होतं?"

अजून आलं नाही म्हटलं.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, "अहो, मी तुम्हाला सांगितलं होतं ना? आधी जिप्सम, ते मातीत मिसळू द्यायचं, मगच गोडं पाणी. मिठामुळे मातीचे कण निदान एकमेकांना धरून होते. तुम्ही मीठ काढलंत, सोडियम तसाच ठेवलात. आता कण फुगून सुटे झाले, त्यांनी सगळी भोकं बुजवली."

म्हणजे जे वाईट म्हणून काढलं तेच मातीला धरून होतं. कोणाला सांगू हे?

मांजराचं मी मॅडमना काही सांगितलं नाही.

३० मार्च
मॅडमनी एक करून बघायला सांगितलं. दोन काचेच्या बरण्यांत पाणी. एकात नुसतं व्हाळाचं, दुसऱ्यात चिमूटभर जि. ढवळून (खतवाल्याने नमुन्याची पुडी दिली, गाडी कोल्हापुरातच). दोन्हींत कुणग्याचं एकेक वाळलेलं ढेकूळ, सुपारीएवढं. हलवायचं नाही.

पहिल्या बरणीत ढेकळाभोवती धूर निघाल्यासारखा ढग. दहा मिनिटांत सगळी बरणी गढूळ. दुसऱ्या बरणीत ढेकूळ तडकलं, पसरलं, पण पाणी स्वच्छ.

कधीपासून बघत बसले होते कोण जाणे. भात करपला.

काकीचा फोन येऊन गेला. "कसो आसा कुणगो?" बरा आहे म्हटलं. मग बाळाचं नाव काय ठेवणार वगैरे.

६ एप्रिल
कुणगा वाळला. वाळला म्हणजे वीट झाली. षट्कोनी फरश्या, कडा वर वळलेल्या, मधल्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत जातो. बाबलीकाकांची म्हैस चालत गेली, खूर उमटला नाही.

शॅकवरच्या रेश्माचा फोन. गोकर्णला नवीन जागा, माणसं पाहिजेत, उद्या निघतेस का.

बॅग भरली. खरं लिहायचं तर भरली.

८ एप्रिल
कुडाळपर्यंत जाऊन आले. स्टॅंडवर उसाचा रस प्यायला बसले. रेश्माला मेसेज टाइप केला, पुसला, टाइप केला. मी नसताना काकी येईल, चपला काढून कुणग्यात जाईल, तेव्हा तिला कोण काय सांगणार? बाबलीकाका सांगतील, "तुझा चेडू गेला पळान." आणि खरंच असेल ते.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली नाही.

१७ एप्रिल
चार दिवसांपूर्वी जि. आलं!! अंगणात गोण्यांची रास. कुदळीने फरश्या फोडून त्यात मिसळायचं. कुदळीचा दांडा दुसऱ्या दिवशी मोडला. बाबलीकाकांनी आपली दिली, स्वतःही आले. दुपारी सावलीत बसून म्हणाले, "माकाव ठावक नव्हता गो." एवढंच. मी पेज वाढली.

आता जि. मातीत आहे पण व्हाळ कोरडा. पाण्याशिवाय ते खाली उतरत नाही. म्हणजे पावसाची वाट. दीड महिना.

१० मे
काकी आली. मी सांगणार होते. सकाळी सांगीन, जेवल्यावर सांगीन. तेवढ्यात तिने लोणचं घालायला काढलं.

"माझे बरणये खंय?"

दोन्ही खिडकीत. माती घातलेल्या. एकीतला ढग सहा आठवड्यांतही खाली बसलेला नाही.

"ह्या काय गो? मातयेचा लोणचा?"

हसायला गेले आणि रडले. सगळं सांगितलं, फोनवरच्या खोट्यासकट. मांजरासकट.

काकी उठली. चपला काढून कुणग्यात गेली. मधोमध उभी राहिली, बोटाने ढेकूळ घेऊन चाखलं, थुंकली. परत येऊन हात धुतले. म्हणाली, "न्हाणयलंस आणि पुसूक इसारलंस." मग माझ्या हातात विळी दिली, कैऱ्या चिरायला. रात्री जेवताना मुडीकडे बघून नुसतं, "बघूया."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ मे
काकीच्या सांगण्यावरून कुणग्यात चर मारतोय, झडपेपर्यंत उतार देऊन. जि.ने सुटलेलं वाईट पाणी बाहेर जायला वाट हवी, हे तिला कागदाशिवाय कळतं. मॅडमही फोनवर तेच म्हणाल्या.

चर मारताना बाबलीकाका खाडीपलीकडे बघून पचकन थुंकले. पलीकडच्या गावाशी बांध फुटल्यापासून आपलं बोलणं नाही. त्यांनी आपला बांध उंच केला म्हणून पाणी इकडे वळलं, असं इथे प्रत्येकजण म्हणतो. काकीला विचारलं, खरं का? "पाण्याक इचार," म्हणाली.

११ जून
पाच दिवस पाऊस. पहिल्या दोन दिवसांत चरातून तांबूस, बुळबुळीत पाणी गेलं. काल जरा निवळ. आज कुणग्यात चार ठिकाणी हातभर खड्डे घेतले, तांब्याने पाणी ओतलं. पश्चिमेकडच्या दोन खड्ड्यांत चहा पिऊन होईपर्यंत जिरलं. जिरलं! पूर्वेकडच्या दोनांत संध्याकाळपर्यंत तसंच, चहासारखं.

अर्धा कुणगा जागा झाला. अर्धा नाही.

काकी रात्रभर कूस बदलत होती.

१३ जून
मुडी सोडली. काकीने अर्धं बी भिजत घातलं, अर्धं परत आवळून चुलीवर टांगलं. मी म्हटलं, ते तर पुढच्या वर्षी उगवणार नाही ना?

"सगळा नाय उगवाचा. धा दाण्यांतले दोन उगावले तरी बी ऱ्हवात. आणि ह्या पेरलेला बुडाला तर माझ्याकडे आणि काय आसा?"

खरं आहे. पण पश्चिमेचा तुकडा पुन्हा मिटला तर? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, एका पावसाळ्यात पूर्ण सुधारणार नाही, सांगता येत नाही. कोणालाच सांगता येत नाही हे आता मला पाठ झालंय.

१५ जून, सकाळ
बी बाहेर काढलं. मोड आलेत. सगळ्यांना नाहीत, काकीने मूठभर घेऊन मोजले, ओठ हलत होते, आकडा सांगितला नाही. मोड आले की थांबता येत नाही, आज-उद्यात मातीत जायलाच हवं. दुपारी ओहोटीला पश्चिमेकडे फेकायचं ठरलंय. मी टोपली शोधत होते.

बाहेरून बाबलीकाकांचा आवाज, चढलेला. "हयसर पाय कसो घातलंस तू?" मग काकीचा, "गप बस रे. पावण्याक असा बोलतत?"

खिडकीतून बघितलं. पलीकडच्या गावची एक म्हातारी, एकटीच होडीने आल्येय. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, काखेत रिकामी टोपली. अंगणात न शिरता पायरीच्या खालीच उभी. म्हणते, आमचाही कुणगा गेल्या साली बुडाला, बांध उंच करूनही. बी धरून सगळं गेलं. "तुझ्याकडे कोरगूट उरलाहा म्हणान बाजारात ऐकलंय. पसाभर दिलंस तरी चलात."

काकी त्या रिकाम्या टोपलीकडे बघत्येय. मला हाक मारत्येय.