गोल न करणाऱ्याची कॅसेट

मी, आल्बिना निकोलस डिमेलो, वय सत्तावीस, मूळ गाव निर्मळ, तालुका वसई, हल्ली मुक्काम गुदैबिया, बहरीन, पूर्ण शुद्धीत राहून आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहिते. सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. "मृत्युपत्र कसलं लिहितेस? बीए झालीस म्हणून सगळं लिहूनच काढणार का?" असे माझा थोरला भाऊ ओस्विन म्हणाला. होय, लिहूनच काढणार. तोंडी सांगितलेले तो ऐकत नाही.

१. माझी सोन्याची साखळी आईला. पुस्तके गावच्या वाचनालयाला. घरातली पहिली पदवी माझी. ती शेवटची ठरू नये.

२. ज्या फुटबॉल क्लबच्या ऑफिसात मी काम करते, त्याला काहीही नाही. त्यांनी मला आडनाव पाहून नोकरीवर घेतले. डिमेलो, म्हणजे पोर्तुगीज येत असणारच! आमच्या घराण्याला पोर्तुगिजांनी आडनाव दिले, भाषा नाही. नवे कोच जुस्तिनो वाझ पोर्तुगालहून आले, तेव्हा आम्ही 'मेज', 'चावी' आणि 'पगार' या दोन्ही भाषांत जुळणाऱ्या शब्दांवर सुरुवात केली. पुढचे सगळे मोडक्या इंग्रजीत.

जुस्तिनो सर बारा वर्षे पोर्तुगालच्या लहान शहरांतल्या संघांतून खेळले. जागा बचावफळीच्या पुढे, काम समोरच्याचा हल्ला सुरू होण्याआधीच मोडण्याचे. गुडघा गेला तेव्हा थांबले. "मी चांगला खेळलो की आमचा गोलकीपर कंटाळायचा," असे ते सांगत. क्लबच्या कमिटीने विचारले, "याने गोल किती केले?" एकही नाही, असे मी सांगितल्यावर सगळे हसले. "मग बारा वर्षं काय केलं? खलास!" सीझन संपायच्या आत त्यांना काढले. त्या सभेचे टिपण मलाच घ्यावे लागले, याचा राग अजून गेलेला नाही.

३. जाताना सरांनी मला त्यांच्या सामन्यांच्या दोन व्हिडिओ कॅसेट दिल्या. म्हणाले, "घरी कोणी बघत नाही." एकीवर ओस्विनने शारजाची क्रिकेट मॅच रेकॉर्ड केली. मी भांडले तर म्हणाला, "आल्बिना, त्यात होतं काय? एक माणूस नुसता आडवा-उभा धावत होता." दुसरीवर रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून मी तिच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी मोडली. पुन्हा रेकॉर्ड करता यावे म्हणून त्याने त्या भोकावर चिकटपट्टी लावली! वेळेत पाहिले म्हणून वाचली. एका माणसाची बारा वर्षे आता एवढ्या एका कॅसेटमध्ये आहेत.

४. माझी बँकेतली शिल्लक ओस्विनला, पण अटीवर. ती उरलेली कॅसेट त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावी. बॉलकडे नाही, सहा नंबरकडे, म्हणजे जुस्तिनो सरांकडे. क्लबमधले माझे सहकारी तौकीर परकार यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. रिमोट त्यांच्या हातात राहील. सामना शून्य-शून्य सुटतो. मग तौकीरभाईंनी विचारावे, "गोल का झाला नाही?" "गोलकीपर चांगला होता" असे उत्तर आल्यास कॅसेट पुन्हा लावावी. हा छळ आहे, असे ओस्विन म्हणेल. आहेच.

५. बरोबर उत्तर आल्यावर पैसे त्याचे आणि कॅसेटही त्याचीच. पुढे तिच्यावर काय रेकॉर्ड करायचे, ते त्याने ठरवावे. मी कोणतीही मनाई करत नाही. सहा नंबरला एकदा नीट पाहिलेला माणूस त्याला पुसणार नाही, असे मी धरून चालते.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही करते.

आल्बिना नि. डिमेलो
गुदैबिया, बहरीन, १२ ऑक्टोबर १९९६

समक्ष सह्या:
जुबैदा मुकादम, शेजारीण
ताहिर काझी, घरमालकांचे कारकून