रीताचं उत्तर

कामरगाव, ३ डिसेंबर २०२५

ती. अंगुरीआत्यास,
सा. जय जिनेंद्र. वि. वि. बालवाडीतलं पत्रानेच कळवायचं ही तुझी शिस्त. अक्षरं तूच गिरवून घेतलीस, तेव्हा चुका काढशीलच.

तीन वर्षांची रीता अजून बोलत नाही. आईबाप ऊसतोडीला गेलेत, आजी सोडून जाते. कान तपासले, चांगले आहेत. लेकीच्या एका शब्दासाठी आई फोनवर रडते. तू शिकवलंस तसं मी विचारते आणि थांबते, तिच्या वाटचं उत्तर देत नाही. माझंच काही चुकत असेल का?

काल विचारलं, मोर हवा की हत्ती? ती गप्प. तिच्याशेजारी बसणाऱ्या संयमनं मात्र तिला हत्ती आणून दिला. तिनंच मागितला म्हणे. बाईले ऐकू येत नाही काय, असं वर मलाच विचारलं.

माया आहेच, ती राहू दे.
तुझी अपूर्वा

मंगरूळपीर, ८ डिसेंबर

चि. अपूर्वास अ. आ.
लेकरं एकमेकांचे डोळे वाचतात, कायले घाबरतेस? तू तरी कुठं लवकर बोललीस? आता थांबत नाहीस! खाली तिच्याजवळ बस. आणखी थांब.
आत्या

कामरगाव, १५ डिसेंबर

ती. आत्यास सा. जय जिनेंद्र.
खाली बसले. आता सगळा वर्गच गप्प आहे. पोरं खेळतात, भांडतात, पाळीपाळीनं हसतात; आवाज तेवढा नाही. घरीही बोलत नाहीत. पोराले मुकं कराले पाठवलं काय, असं संयमची आई सुनावून गेली. बालवाडी बंद करावीशी वाटते, पण रीताला सोडवत नाही. उद्या तिच्यासमोर हवा तितका वेळ थांबेन.
तुझी अपूर्वा

मंगरूळपीर, २० डिसेंबर

चि. अपूर्वा,
तुझा फोन आला. मी हॅलो हॅलो करत राह्यली, पलीकडून नुसता श्वास. पुन्हा लावला, तरी तेच. बालवाडीले कुलूप लाव आन् इकडे निघून ये.
आत्या

कामरगाव, २४ डिसेंबर

ती. आत्यास सा. जय जिनेंद्र.
रीता बोलली! किती गोड आवाज आहे गं. इतके दिवस मी सांगूनच राह्यली होती, म्हणाली. लगेच तिच्या आईला फोन लावून दिला. रीतानं आई, आई म्हणून किती हाका मारल्या; तिकडे ती बिचारी बोल ना बाई म्हणत रडतच राहिली.

तुझ्या प्रत्येक हॅलोला मीही उत्तर दिलं होतं, आत्या. इथे माझी आई समोर बसून हात जोडते आहे, एक शब्द तरी बोल म्हणते. मी सकाळपासून तिच्याशी बोलतेच आहे. तिला जरा थांबायला सांग.

तुझीच,
अपूर्वा